गारा पाडणारा बाप

“कोण म्हणतं माझ्या चांदणीला सुई टोचायची? त्या दवाखान्यावर मी आत्ताच्या आत्ता गारा पाडतो! लिंबाएवढ्या! छे, नारळाएवढ्या!”

टेबलावर वीतभर उंचीचा गगनराज गरजत होता आणि त्याच्या मिशांची टोकं रागाने वर चढली होती. पलंगावर पडलेली माझी लेक शाल्मली हसत होती. मी तिची चप्पल हातात घेऊन दारात उभी होते. खाली तिच्या बाबांनी गाडी सुरू करून ठेवली होती. आज डायलिसिसचा वार होता आणि मागचे दोन वार तिने चुकवले होते.

“चल शालू, बाबा वाट पाहून राहिले खाली,” मी म्हटलं.

“मी नाही येत.”

“अगं, असं काहून करून राहिली तू? डॉक्टर मोहरीलांचा पुन्हा फोन आला होता.”

“आई, बावीस वर्षांची आहे मी. नाही म्हटलं ना!”

“नाही म्हटलं ना!” गगनराजाने री ओढली. मग मिशी पुसत तो माझ्याकडे वळला. “भूलोकीच्या मातोश्री, आपण स्वयंपाकघराकडे प्रस्थान करावं. आमच्या राजकन्येची झोप व्हायची आहे.”

मी त्याच्याकडे दुर्लक्ष करून शालूची चादर ओढली. उशीखालून संत्र्याची सालं खाली पडली. एक-दोन नव्हे, चांगली ओंजळभर.

नागपूरच्या घरात संत्रं विषासारखं लपवावं लागतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. पण मूत्रपिंडं बंद पडलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठत जातं, ते बाहेर काढायला यंत्राशिवाय वाट नसते, आणि फार साठलं की हृदय धडधडता धडधडता थांबतं. हे मी शाळेत नववीच्या मुलांना शिकवते. माझ्याच पोरीने दोन वेळा यंत्र चुकवलं होतं आणि वर संत्री खाल्ली होती.

“कोणी दिली?” मी विचारलं.

“मी मागवली. गगनबाबा म्हणाले, खा.”

“एकच फोड म्हणालो होतो!” गगनराजाने दोन्ही हात जोडले. “मग तिने माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं की माझे ढग फुटले. मी म्हटलं, खा बाई, अख्खी बाग खा.”

त्याच्या डोळ्यांतून टपाटपा गारा पडल्या. शालू पुन्हा हसली. मला त्या वीतभर देवाचा गळा दाबावासा वाटला. आणि तो आवाज माझ्या नवऱ्याचा होता.

माझा नवरा किशोर बारापात्रे हा डबिंगचा माणूस. ‘मेघकन्या आणि कंदीलवाला’ ही जपानी चित्रमालिका मराठीत आली तेव्हा मेघकन्येचा बाप, आकाशाचा राजा गगनराज, याचा आवाज त्याने दिला. मेघकन्या पृथ्वीवरच्या एका गरीब कंदीलवाल्याच्या प्रेमात पडते आणि हा बाप सैरभैर होतो. कधी छत्री बनून त्या दोघांच्या डोक्यावर बसतो, कधी बोकड होऊन कंदीलवाल्याच्या मागे धावतो, लेकीने जेवण टाकलं की तीन गावांत पूर आणतो. लोकांना नायक-नायिकेपेक्षा हा बापच जास्त आवडला. शालू तेव्हा शाळेत होती. सुट्टीत ती स्टुडिओत काचेपलीकडे बसून बापाची गंमत पाहायची.

मालिका संपली आणि कंपनीने घरोघरी देता येईल असा जिवंत गगनराज करायला घेतला. छोट्या प्रोजेक्टरमधून टेबलावर उभा राहणारा, आपल्याशी बोलणारा, आपल्यालाच लेक मानणारा. त्यासाठी किशोरचा आवाज सगळ्या भावनांमध्ये हवा होता. त्याच सुमारास किशोरच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागणार होतं. डॉक्टरांकडून थोडी मुदत मागून तो रोज स्टुडिओत जाऊन बसला, आणि घशात निखारा घेऊन त्याने लाड, कौतुक, काळजी, रडणं, हसणं सगळं रेकॉर्ड केलं. रागावण्याची वाक्यं आली तेव्हा मात्र हट्टाला पेटला. “गगनराज साऱ्या जगावर चिडन, पण लेकीवर? कधीच नाही. त्याचा स्वभावच मोडते त्याच्यानं,” असं दिग्दर्शकाशी भांडून त्याने ती सगळी वाक्यं काढायला लावली. नट म्हणून तो बरोबर होता. दिग्दर्शकाने शेवटी त्याच्या पाठीवर थापही मारली होती.

शस्त्रक्रियेनंतर किशोर बोलतो तो गळ्याला यंत्र लावून. विजेरीएवढं ते यंत्र गळ्याला टेकवलं की त्याची थरथर तोंडापर्यंत जाते आणि ओठ-जीभ तिचे शब्द करतात. शब्द कळतात, पण आवाज मिक्सरसारखा एकसुरी. त्यात प्रेम नाही, थट्टा नाही, प्रश्नही नाही. पुढे शालूची मूत्रपिंडं गेली. किशोरचं तर कॅन्सरमुळे चालणारच नव्हतं, म्हणून मी माझं एक दिलं. तिच्या शरीराने ते काही महिन्यांतच नाकारलं. त्या दिवशी ती मला म्हणाली, “सॉरी आई, तुझं वाया घालवलं मी.” हे वाक्य मी अजून पचवू शकलेले नाही. दवाखान्यात ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बापाने यंत्र गळ्याला लावलं की कानांवर उशी दाबायची. मग किशोरच एक दिवस गगनराज घेऊन आला. म्हणाला, निदान माझा जुना आवाज तरी ऐकू दे तिला.

ही चीज चालते कशी, ते समजायला फार डोकं लागत नाही. प्रोजेक्टरमधला कॅमेरा तिचा चेहरा पाहतो. मनगटावरचं घड्याळ तिची नाडी आणि हाताचा घाम मोजतं. त्यातून क्षणाक्षणाला तिच्या समाधानाचा एक आकडा निघतो आणि तो आकडा चढता राहील असं काहीही गगनराज बोलतो. हळूहळू तो तिला आमच्यापेक्षा जास्त ओळखायला लागतो. मी वर्गात गीझरचं उदाहरण देते. पाणी किती तापलंय ते गीझरला कळतं. बाथरूममध्ये कोणी चक्कर येऊन पडलंय हे त्याला कळत नाही, आणि कळावं म्हणून तो केलेलाही नाही. गगनराजाला तिच्या कपाळावरची आठी कळत होती. तिच्या रक्तात काय चाललंय ते त्याच्या आकड्यात येत नव्हतं.

आठी मात्र डायलिसिसच्या नुसत्या नावाने यायची. त्यामुळे तो ते नाव टाळायला शिकला. नंतर तिला ते टाळायला शिकवायला लागला.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांना सालांचं सांगितलं.

“मॅडम, आजच आणा तिला. उद्यावर जाऊ देऊ नका,” ते म्हणाले.

“ती येत नाही म्हणते हो.”

“शुद्धीवर आहे, सज्ञान आहे. मी ॲम्ब्युलन्स पाठवू शकतो, पण ती नाही म्हणाली तर माझी माणसं तिला हात लावू शकत नाहीत. तुम्हीच काय ते करा.”

मी काय करणार होते? मागच्या आठवड्यात प्रोजेक्टरची वायर काढून कपाटात कुलूप लावून ठेवली होती, तर तिने पाणी पिणं सोडलं आणि गगनराज फोनवर सुरू केला. आता मी सरळ त्याच्याच पाया पडायचं ठरवलं. खरंच सांगते, टेबलासमोर गुडघे टेकून बसले.

“गगनराज, तुम्ही बाप आहात ना तिचे? ती मरेल हो आज. तुमचंच ऐकते ती. एकदा म्हणा तिला, जा म्हणून.”

त्याच्या मिशा खाली आल्या. तो शालूकडे वळला. “चांदणी, मी म्हणतो, जरा वेळ जाऊन...”

शालूच्या भुवया आक्रसल्या. नुसत्या आक्रसल्या. तेवढ्याने त्याचं वाक्य मध्येच वळलं. “...जरा वेळ जाऊन ढगांत झोपूया का? मी अंगाई म्हणतो.”

“पाहिलंस?” शालू मला म्हणाली. तिचा आवाज जड येत होता, जीभ वळत नव्हती. “हे एकटेच मला त्रास देत नाहीत. तुम्ही सगळे टोचता मला. झोपू दे ना गं आई. मी दमली.”

मी उठून बाहेर आले आणि भांडी घासायच्या मोरीपाशी तोंडात पदर कोंबून रडले.

किशोर केव्हाच वर आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने यंत्र गळ्याला लावलं. “मी आवाज परत मागतो.”

मला आधी कळलंच नाही. मग लख्ख कळलं. आवाजाच्या हक्काचा नवा कायदा आला तेव्हा आमच्याकडे त्यावर खूप चर्चा झाली होती. ज्याचा आवाज आहे त्याने परत मागितला की कंपनीला तो त्याच घटकेला बंद करावा लागतो. आवाजावरून बनवलेलं सगळं पुसून टाकावं लागतं, मूळ रेकॉर्डिंगसकट. चित्र मात्र कंपनीचं. ते हलत राहील आणि एक-दोन दिवसांत दुसऱ्या कोणाचा तरी आवाज त्याला बसवतील.

“मग तुमचं काय उरते?” मी विचारलं.

त्याने खांदे उडवले.

आता मी जे बोलले ते मला शोभणारं नव्हतं, पण बोलले. “नका करू. दुसरं काही करू आपण.”

कारण तो आवाज माझाही होता. शालू झोपली की मी कधी कधी तिच्या खोलीत जाऊन त्या टेबलाशी बसायची आणि गगनराजाला विचारायची, आज भाजी कशी झाली होती? तो म्हणायचा, मातोश्री, स्वर्गात अशी वांगी नाहीत. भाषा नाटकी, पण आवाज माझ्या लग्नातल्या माणसाचा. हे मी किशोरला कधी सांगितलं नव्हतं.

“मला माहीत आहे,” किशोर यंत्रातून म्हणाला. “ऐकलंय मी. वांगी.”

मी मान खाली घातली. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कंपनीचा नंबर लावला.

पलीकडून एक गोड यांत्रिक बाई बोलली, “ओळख पटवण्यासाठी कृपया आपलं पूर्ण नाव उच्चारा.”

“किशोर बारापात्रे.”

“क्षमस्व. हा आवाज किशोर बारापात्रे यांचा नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा.”

त्याने पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा क्षमा मागितली. यंत्र गळ्यावर दाबून दाबून त्याची कातडी लाल झाली. माझं टाळकं सरकलं. मी फोन हिसकावला आणि त्या बाईला वऱ्हाडीत जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कदाचित त्या आरडाओरड्यामुळेच असेल, फोन एका जिवंत मुलीकडे गेला. तिने कॅमेऱ्यावर किशोरचा चेहरा पाहिला, बोटांचे ठसे घेतले आणि मग चाचरत म्हणाली, “सर, मी लहानपणापासून तुमची मोठी फॅन आहे. एकदा पुसलं की परत आणता येणार नाही. तुमची खात्री आहे ना?”

“हो.”

“सर, निदान एक प्रत तुमच्याकडे...”

“नको. माझी पोरगी शोधून काढेल.”

शेजारच्या खोलीतून अंगाई ऐकू येत होती. मी भिंतीला कान लावून उभी राहिले. दुसऱ्या कडव्यात, “ढगांच्या गादीवर” म्हणता म्हणता, ती थांबली.

शालू किंचाळली.

आम्ही आत धावलो. टेबलावर गगनराज गातच होता. ओठ हलत होते, हात हलत होते, मिशा लडिवाळपणे वरखाली होत होत्या, पण आवाज नव्हता. शालू प्रोजेक्टर थोपटत होती, फोन उलटापालटा करत होती. मग तिने किशोरकडे पाहिलं आणि ती समजली. डबिंगवाल्याची पोर ती, कायदे तिलाही पाठ होते.

“तुम्ही केलं.”

किशोरने मान हलवली.

“त्याला मारलं तुम्ही. मला होतंच काय दुसरं? हे असं... असं गुरगुरणारं यंत्र घेऊन फिरता, आणि जो चांगला बाप होता त्याला मारलं!” तिला धाप लागली. ओठ निळसर दिसत होते. “जा तुम्ही. दोघंही जा.”

तिला रडताना पाहून टेबलावरचा गगनराज कावराबावरा झाला. त्याला काय कळणार आपला आवाज गेलाय ते? त्याने गुडघे टेकले, हात पसरले, डोळ्यांतून गारा ओघळल्या, आणि तो मोठमोठ्याने काहीतरी विनवू लागला. काय ते ओठांवरून स्पष्ट दिसत होतं. जाऊ नकोस, कुठे जाऊ नकोस, माझ्या चांदणी.

किशोर पुढे आला आणि टेबलाच्या मागे, तिच्या नजरेच्या बाहेर उकिडवा बसला. मला वाटलं, कोसळला. मी त्याला धरायला वाकले तर त्याने हातानेच मला थांबवलं. तो गगनराजाच्या तोंडाकडे एकटक पाहत होता. स्टुडिओत काचेपुढे उभा राहून पाहायचा ना, तसंच. त्याने यंत्र गळ्याला लावलं, आणि गगनराजाचं तोंड पुढच्या वाक्याला उघडलं त्याच क्षणी खोलीत तो मिक्सरसारखा आवाज घुमला.

“जाऊ. आत्ता जाऊ. उठ माझ्या चांदणी.”

आयुष्यभर त्याने दुसरं काय केलं होतं? परक्या भाषेत हलणाऱ्या तोंडात आपलं वाक्य बरोबर बसवायचं, त्यालाच ते सिंक म्हणतात. इथे देवाचं तोंड म्हणत होतं, नको, दुखेल तुला. बापाचा आवाज त्याच उघडझापेत म्हणत होता, हो, दुखेल तुला. देव छाती पिटत होता. आवाज म्हणत होता, “गाडी सुरू आहे. पेट्रोल जळून राहिलं.” देव आकाशाकडे हात करून गारा मागत होता. आवाज म्हणत होता, “रागाव मला. शिव्या दे. पण तिथे चल आणि दे.”

इतकं विचित्र ध्यान मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. सोन्याचा मुकुट घातलेला देव आणि त्याच्या तोंडून पिठाची गिरणी. शालू डोळे फाडून पाहत राहिली. तिच्या नाकातून एक फुसकन आवाज आला. हसू होतं की हुंदका, मला सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही एकदमच आलं.

गगनराजाने एक लांबलचक वाक्य सुरू केलं. किशोरला त्यात काय भरावं सुचेना. त्याला कोणी संवाद लिहून दिले नव्हते. “मला...” तो म्हणाला, “मला दुसरी पोरगी नाही गं.” वाक्य अर्ध्यात संपलं, देवाचं तोंड मात्र हलतच राहिलं.

शालू भरल्या नाकाने म्हणाली, “सिंक गेला, बाबा.”

“पुन्हा घेऊ?”

“नको.” तिने पाय खाली सोडले. ते तिला पेलेनात, म्हणून मी एका बाजूने धरलं, किशोरने दुसऱ्या. “आजच्यापुरतं येते. पुढचं मी काही कबूल केलेलं नाही.”

“नको करू बाई,” मी म्हटलं. “आजचं बस.”

मागे टेबलावर गगनराज मुक्याने आक्रोश करत राहिला. मी वळून पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही.

दवाखान्यात मोहरील दारातच उभे होते. हृदयाचा आलेख काढला, तो पाहून त्यांनी नर्सला काहीतरी हळूच सांगितलं आणि सगळ्यांचे हात भराभर चालायला लागले. शालूच्या डाव्या दंडाखाली धमनी आणि शीर जोडून केलेला फुगवटा आहे, तिथे दोन जाड सुया जातात. नर्सने सुई काढली तशी शालूने नजर फिरवून बापाकडे पाहिलं.

“आता तुमचा आवाज कुठेच नाही?” तिने विचारलं.

किशोरने नकारार्थी मान हलवली. तिचे डोळे गच्च भरले. तिने उजवा हात पुढे केला, तो त्याने धरला आणि दुसऱ्या हाताने यंत्र गळ्याला टेकवलं.

“दुखणार आहे,” तो म्हणाला. “हात हलवू नको.”

सुई गेली. तिने त्याच्या हातात नखं रुतवली, पण हात हलवला नाही. दुसरी गेली. यंत्र घरघरलं, नळीतून रक्त चढायला लागलं आणि पडद्यावर आकडे दिसू लागले. ते आकडे काय सांगतात हे मला ठाऊक आहे, म्हणून मी तिकडे पाहायचं टाळलं.

किशोरने आपलं यंत्र गळ्यापासून काढून खिशात ठेवायला घेतलं. तिच्या कानांना ते सोसत नाही, हे इतक्या दिवसांत त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

“ठेवू नका ना,” शालू डोळे मिटून म्हणाली. “बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने यंत्र पुन्हा गळ्याला लावलं, खिडकीबाहेर पाहिलं, आणि बाहेर जे दिसत होतं ते सांगायला सुरुवात केली. पार्किंगमध्ये एक माणूस स्कूटर काढतोय. निघत नाहीये. शेजारच्याचं हँडल अडकलंय. आता तो चिडलाय. शेजारच्या खाटेवरचे पेशंट वळून पाहायला लागले, पण किशोर थांबला नाही.